हाताचा कंप मोजणार कोण? पांढरकवड्याहून आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय : मेंदूत यंत्र बसवलेल्या कंपवाताच्या रुग्णांची शस्त्रक्रियेनंतरची मोजणी

महोदय,

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांवर होणाऱ्या डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तारा बसवून विजेचे झटके देण्याच्या) शस्त्रक्रियेची माहिती आपल्याला मी द्यावी असे काही नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे आलिम-लुई बेनाबीद यांनी १९८७मध्ये हाताचा कंप थांबवण्यासाठी मेंदूला अखंड विजेचे सूक्ष्म झटके द्यायला सुरुवात केली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया आपल्या राज्यात आणली. म्हणजे पाव शतक उलटून गेले. आपल्या खात्याला ती नवी नाही. टाके वाळतात, रुग्ण गावी परततो, आणि तिथून पुढे त्याच्याकडे कुणी मोजमाप घेऊन बघत नाही. ते का, याचे उत्तर आपण देणे लागता, म्हणून हे पत्र.

माझे थोरले भाऊ इथल्या जिनिंगमध्ये काट्यावर बसायचे. पन्नाशी ओलांडली आणि उजवा हात थरथरू लागला. सही बिघडली, अक्षर मुंगीएवढे झाले, मग चाल आखडली. पुढे गोळीचा असर तीन-साडेतीन तासांत उतरायला लागला, तेव्हा जमिनीचा एक तुकडा विकून मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया केली. कवटीला भोके पाडून सव्वा मिलिमीटर जाडीच्या दोन तारा मेंदूच्या तळाशी नेल्या आणि गळ्याच्या हाडाखाली, छातीत, बॅटरी बसवली. यंत्र पहिल्यांदा सुरू केले तेव्हा त्यांचा हात आमच्या डोळ्यांदेखत थांबला. वहिनी तिथेच रडल्या. ज्या डॉक्टरांनी हे केले त्यांचे उपकार आमच्यावर आहेत आणि या पत्रातला एकही शब्द त्यांच्या विरोधात नाही.

परंतु यंत्र बसवले की काम संपत नाही, सुरू होते. हे आपले तज्ज्ञ सल्लागार आपल्याला सांगतातच. प्रत्येक तारेच्या टोकाशी निदान चार धातूची कडी असतात. त्यांतले कोणते चालू ठेवायचे, किती मिलिअँपिअर, सेकंदाला किती झटके, एकेक झटका किती लांबीचा, हे सगळे बाहेरून जुळवावे लागते. रुग्ण याला ‘सेटिंग’ म्हणतात. प्रवाह कमी पडला तर हात पुन्हा हलतो. जास्त झाला तर शेजारच्या नसांपर्यंत पोचतो आणि जीभ जड होते, शब्द एकमेकांत मिसळतात. साधारणपणे सेकंदाला १३० झटक्यांवर कंप थांबतो. पण त्याच वेगावर काहींची चाल बिघडते आणि ६०वर आणले की सुधारते. जुळवणीचे पर्याय हजारोंत जातात. योग्य तो सापडेपर्यंत पहिल्या सहा महिन्यांत रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावतात.

इथे एक गोष्ट आहे, जिच्यामुळे आमच्यासारख्या गावच्या माणसाचे सगळे गणित चुकते. सेटिंग बदलल्यावर कंप काही सेकंदांत, फार तर मिनिटांत थांबतो. अंगाचा ताठरपणाही लवकर सुटतो. पण चालण्यातला फरक कळायला काही तास, कधी काही दिवस जातात. डिस्टोनिया नावाच्या, अंग पिळवटणाऱ्या विकारात तर आठवडे आणि महिने लागतात. म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत जे दिसते ते फक्त हाताचे. पायांचे काय झाले ते पांढरकवड्यात परतल्यावर, चौथ्या दिवशी, न्हाणीघराच्या दारात कळते. तिथे कोण असते? घरची माणसे. आमच्या सांगण्याला किती किंमत असते, हे आपण एखाद्या बाह्यरुग्ण विभागात तासभर उभे राहून पाहिलेत तर लक्षात येईल.

इथून नागपूर दीडशे किलोमीटर. पहाटेची गोळी घेऊन निघायचे, बसमध्ये पाय आखडतात म्हणून मधली गोळी थोडी अलीकडे घ्यायची, मग रांग. नंबर येतो तेव्हा गोळीचा असर नेमका चढलेला असतो. ‘चालून दाखवा’ म्हटले की भाऊ मोकळ्या, लांब व्हरांड्यात झपझप चालतात. आणि घरी? घरी त्यांचे पाय उंबऱ्यापाशी जमिनीला चिकटतात. कंपवातात अरुंद जागा, दाराची चौकट, वळण, या ठिकाणी पाऊल गोठते हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेले आहे. भाऊ त्यांच्या भाषेत सांगतात, “डाक्टरच्या समोर पाय बराबर चालते, घरच्या उंबऱ्यात आलो का खुटते.” त्या दहा मिनिटांत डॉक्टरांनी काय लिहावे? जे दिसले तेच. बाहेर बाकीचे रुग्ण दाराला खेटून उभे असतात, दोष त्यांना कसा द्यायचा?

वहिनींनी एक वही केली आहे. शंभर पानी, शाळेची. दर अर्ध्या तासाला एक चौकट. गोळी कधी घेतली, अंग कधी ‘चालू’ झाले, कधी ‘बंद’ पडले, कधी मान आणि खांदे आपोआप हलू लागले. जगभर डॉक्टर अशीच रोजनिशी रुग्णांना भरायला सांगतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना ते आपसूक सुचले. रात्रीच्या चौकटी रिकाम्या आहेत, कारण त्याही माणूस आहेत, झोपतात. नेमके रात्रीच भावांना कूस बदलता येत नाही. वहीचा उपयोग झाला, पण एका मर्यादेपर्यंत. ‘बंद’ म्हणजे किती बंद? काल आणि आज यांत फरक किती? हे चौकटीत मावत नाही आणि रुग्णालयाच्या कागदावर ती वही डकवायला जागा नाही.

मोजपट्टी नाही असे नाही. १९८७मध्ये पार्किन्सन्ससाठी एक सर्वमान्य गुणपत्रक आले आणि २००८मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. डॉक्टर बोटे आपटायला लावतात, मूठ उघडझाप करायला, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावतात, आणि प्रत्येक कृतीला शून्य ते चार गुण देतात. स्थिर हाताचा कंप एक सेंटीमीटरच्या आत असेल तर एक गुण, तीनच्या आत असेल तर दोन, तीन ते दहा असेल तर तीन. पद्धत चांगली आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण सेंटीमीटर मोजतो तो डोळा. तीन आणि दहा यांच्यामध्ये केवढे अंतर आहे, आणि हात नऊवरून चारवर आला तरी गुण तीनच राहतो. आज एक डॉक्टर, पुढच्या खेपेस दुसरे निवासी डॉक्टर. दोघांचा डोळा सारखा कसा असेल?

आमच्या गावात कापूस विकायला नेला तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा यंत्राने मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, बाराच्या वर गेला तर गाडी परत. त्यावर शेतकरी चिडतो, भांडतो, पण आकडा समोर असतो म्हणून भांडू तरी शकतो. माझ्या भावाच्या हाताचा असा आकडा कुणापाशीच नाही. सेटिंगने फायदा झाला की तोटा, हे सांगायला त्यांच्यापाशी ‘बरं वाटते’ आणि ‘बरं नाही वाटत’ एवढेच दोन शब्द आहेत.

आश्चर्य असे की शस्त्रक्रियेच्या आधी हाच माणूस काटेकोर मोजला गेला होता. रात्रभर गोळी बंद ठेवून सकाळी गुण काढले, मग गोळी देऊन पुन्हा काढले. गोळीने साधारण एक तृतीयांश सुधारणा दिसली तरच शस्त्रक्रियेचा उपयोग होईल, असा संकेत आहे. लाखो रुपयांचे यंत्र बसवावे की नाही हे ठरवायला मोजणी हवी. बसवलेले यंत्र काम करते की नाही हे ठरवायला मात्र ती नको? हा प्रश्न मी आपल्याला विचारतो आहे, डॉक्टरांना नाही. कारण मोजायला वेळ लागतो, माणूस लागतो, आणि त्या वेळाचे पैसे कुणी द्यायचे हे सरकार ठरवते.

साधने परदेशी आणि महाग आहेत, असे उत्तर येईल म्हणून आधीच लिहून ठेवतो. कंपवातातला स्थिर हाताचा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा होतो. आपल्या खिशातल्या साध्या मोबाइलमध्ये हालचाल टिपणारा जो सेन्सर असतो, तो सेकंदाला पन्नास ते शंभर वेळा नोंद घेऊ शकतो. मोबाइल मनगटाला पट्ट्याने बांधून भावांचा हात मांडीवर ठेवला, तर कंप किती मोठा आणि किती वेगाचा हे अर्ध्या मिनिटात आकड्यात मिळू शकते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये तयार झालेले मनगटी यंत्र रुग्ण आठवडाभर घरी घालतो, आणि दर दोन मिनिटांची मंदगती व अनावर हालचाल त्यात उमटते. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने जानेवारी २०२३मध्ये अशा पाच साधनांना, आणखी पुरावा गोळा करण्याच्या अटीवर, मान्यता दिली. मेंदूत बसवायच्या काही नव्या यंत्रांत तर तारच मेंदूचे संकेत ऐकते. १३ ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यातली लय वाढली की अंग जखडते, म्हणून त्या लयीनुसार प्रवाह स्वतःच कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५मध्ये परवानगी मिळाली.

यंत्राने सगळे मोजता येते असा माझा भ्रम नाही. ताठरपणा डॉक्टरांच्या हातालाच कळतो. मागून ओढल्यावर रुग्ण तोल सावरतो का, हे माणसानेच पाहायचे असते. मनगटी यंत्राला लाडू वळणारा हात कंपाचा वाटू शकतो. पण डॉक्टरांच्या नजरेला आठवडाभराची नोंद जोडली तर ती नजर पांढरकवड्यातल्या उंबऱ्यापर्यंत पोचते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता आपल्या शब्दांविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्याच्या अनुसूचीत पार्किन्सन्सचे नाव स्पष्ट लिहिले आहे. त्याच कायद्याचे कलम २५ सांगते की दिव्यांगांना त्यांच्या राहत्या परिसरात, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या अटीसह मोफत आरोग्यसेवा मिळावी आणि उपचारात त्यांना प्राधान्य असावे. २०२२च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि असे करणारे देशातले पहिले राज्य म्हणून त्याचा गौरव झाला. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे छत्र प्रत्येक कुटुंबासाठी पाच लाखांचे केले आणि उपचारांची संख्या १३५६ केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. यांतले काहीही मी नाकारत नाही. केसपेपरचे पैसे वाचले ते गरिबाला जाणवतात.

पण महोदय, ‘राहत्या परिसरात’ या शब्दांचा केळापूर तालुक्यात अर्थ काय? उपजिल्हा रुग्णालयाच्या रचनेत मेंदूविकारतज्ज्ञ धरलेलाच नसतो, हे मी समजू शकतो. पण मोजणारा तंत्रज्ञही धरलेला नसावा का? मेंदूत यंत्र बसवल्यानंतरची सेटिंग, मोजणी आणि काही वर्षांनी संपणारी बॅटरी, यांचे पॅकेज आपल्या यादीत कोणत्या क्रमांकावर आहे, ते आपण मराठीत, सर्वांना दिसेल असे जाहीर कराल का? बॅटरी संपली तर कंप एका दिवसात परत येतो. शस्त्रक्रियेसाठी एकदा जमीन विकलेल्या माणसाने दुसऱ्यांदा काय विकावे?

दिव्यांग प्रमाणपत्राची गोष्टही सांगितली पाहिजे. एका तपासणीला भावांना नेले तेव्हा गोळी चढलेली होती, यंत्र चालू होते. त्यांनी सही केली, चालून दाखवले. टक्का चाळिसाच्या खाली आला. चाळीस हा आकडा किती निर्दय आहे ते आपल्याला माहीत आहे. त्याच्या खाली असलेल्या माणसाला सवलत नाही, अनुदान नाही. तपासणाऱ्यांनी जे पाहिले ते खरेच होते. पण तो दिवसातला एक तास होता. उरलेल्या तासांत याच माणसाला शर्टाचे बटण लावता येत नाही. दिवसाच्या चोवीस तासांत कमी-जास्त होणारा आजार एका क्षणावर तोलायचा, ही पद्धत कुणी ठरवली, आणि ती बदलायला आपल्याला आजवर काय आडवे आले? आठवडाभराची मनगटी नोंद प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळापुढे ठेवता आली असती, तर निर्णय काहीही झाला असता तरी आम्ही तो मान्य केला असता.

या जिल्ह्यातून लिहिताना आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. विशेष तपास पथक नेमले गेले, अहवाल आला. माझ्या भावाचा आजार फवारणीमुळे आला असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला मजजवळ पुरावा नाही. पण अमेरिकेत फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅराक्वाट आणि रोटेनोन वापरणाऱ्यांत पार्किन्सन्सचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. स्वित्झर्लंडने पॅराक्वाट १९८९मध्येच बंद केले. युरोपीय संघात ते २००७पासून चालत नाही. आमच्याकडे तणनाशक म्हणून ते आजही दुकानात मिळते. २०१७ला रुग्णालयातून घरी गेलेल्या त्या शेकडो माणसांचे हात नंतर कुणी पुन्हा पाहिले का? कंपवात वर्षानुवर्षे आत मुरून मग बाहेर दिसतो. सुरुवातीचा मंदपणा डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळू शकतो. जिथे मोजायची सर्वांत जास्त गरज, तिथेच मोजणारे कुणी नसावे?

माझे मागणे अवघड नाही. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट किंवा तंत्रज्ञ बसवावा. त्याने ठरलेल्या वेळी, गोळी घेण्याआधी आणि घेतल्यानंतर, मोबाइल किंवा मनगटी साधनाने नोंद घ्यावी, चालण्याचे आणि बोटे आपटण्याचे चित्रीकरण करावे आणि ज्या केंद्राने यंत्र बसवले तिकडे पाठवावे. ई-संजीवनी ही सरकारी दूरवैद्यक सेवा आपल्यापाशी आहे. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२०ला आली, म्हणजे कायदेशीर अडचण सांगता येणार नाही. प्रवास करून नुसता ‘ठीक आहे, तेच चालू ठेवा’ एवढाच सल्ला मिळणार असेल, तर तो घरबसल्याही मिळू शकतो. आणि आकडे बिघडलेले दिसले तरच रुग्णाला बोलावता येईल. साधने प्रत्येकाला विकत देऊ नका. रुग्णालयाने ती आठवड्यापुरती घरी द्यावीत आणि परत घ्यावीत. नोंदीवर मालकी रुग्णाची राहावी, कंपनीची नव्हे. आणि सरकारी पैशाने बसवलेल्या प्रत्येक यंत्राचा, सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी किती फरक पडला याचा हिशेब, नावे वगळून, दरवर्षी जाहीर व्हावा. तो हिशेब मागणे हा करदात्याचा हक्क आहे, त्यासाठी कुणी आजारी असण्याचीही गरज नाही.

भाऊ किमान निदानापर्यंत तरी पोचले. इथल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, हात हलणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना कुणी कंपवात हा शब्दही सांगितलेला नाही. ‘वय झालं’ म्हणून ती कोपऱ्यात बसवली आहेत. त्यांतल्या कितीजणांना महिन्याकाठी थोड्या पैशांच्या गोळीने उठून चालता आले असते? मोजणारा माणूस तालुक्याला असता तर आशाताईंना त्यांना घेऊन यायला निदान एक दार तरी असते.

आपण या पत्राला ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर पाठवू नये, ही विनंती. त्या वाक्याचे कागद आमच्या घरी आहेत. मला तीन गोष्टी लेखी हव्या आहेत : शस्त्रक्रियेनंतरच्या सेटिंगचे, मोजणीचे आणि बॅटरीचे पॅकेज आहे की नाही, नसेल तर ते कोणत्या महिन्यात येईल, आणि केळापूर तालुक्यासाठी मोजणीचा दिवस कोणता, रुग्णालयाच्या कोणत्या खोलीत. खोलीचा क्रमांकही लिहावा. भाऊंना घेऊन पहिल्या दिवशी कुठे यायचे ते मला कळले पाहिजे.

आपला,
कंपवाताच्या एका रुग्णाचा धाकटा भाऊ
पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ